भट्टीतला भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. टोलिडो शहरात, मॉमी नदीच्या काठी, ग्लासमेन नावाचा व्यावसायिक बास्केटबॉल संघ होता. त्यांच्या क्रीडागृहात मी एकवीस वर्षं वाजलो. मला एकच शब्द येतो, 'संपलं'. तोही मी कर्कश आवाजात, एकाच पट्टीत म्हणतो.

आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू स्वभावाने मवाळ असतात हे मला ठाऊक आहे. छत्री फाटते, तरी मालक चांगला होता म्हणते. खुर्चीचा पाय मोडतो, तरी ती कुणाला शिव्या देत नाही. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी तीस वर्षं एक राग सांभाळला आहे आणि तो गंजू दिलेला नाही.

माझा जन्म १९५८ सालचा, शिकागोजवळच्या एका कारखान्यातला. खाली करड्या पत्र्याची पेटी, पेटीवर सेकंदांची तबकडी, बाजूला पितळी खटका आणि वर मी. खटका दाबला की तबकडी चालू होई, सोडला की थांबे. तबकडी शून्यावर आली की मी आपोआप वाजे. यात माझी मर्जी कुठेच नव्हती. मला वाजवायचं की नाही हे ठरवणारा एकच, खटक्यावरचा अंगठा.

शहर काचेच्या कारखान्यांचं. क्रीडागृहाचं छत बुटकं आणि गर्दी दाट, म्हणून लोक त्याला भट्टी म्हणत. त्या भट्टीत मी विजयही पुष्कळ पुकारले, पण विजय कुणी फार दिवस जपत नाही. लोकांना आठवतात ते पराभव, आणि तेही बाद फेरीतले. सहासष्ट साली आमच्या सगळ्यात उंच खेळाडूने शेवटचे दोन्ही मोफत फेक चुकवले आणि आम्ही एका गुणाने हरलो. तो तिथेच जमिनीवर बसला. पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठली, तिने आपला कोट त्याच्या खांद्यांवर घातला आणि ती तशीच थंडीत घरी गेली. एकाहत्तर साली सामना तीनदा वाढवावा लागला. शेवटी चेंडू आमच्याच माणसाच्या पाठीवर आपटून आमच्याच रिंगमध्ये पडला. चौऱ्याहत्तर साली एकोणीस गुणांनी पुढे होतो, तरी हरलो. तिन्ही वेळा शहर रडलं, घरी गेलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर आलं. कुणी माझ्याकडे बोट दाखवलं नाही. म्हणून मी समजत होतो की ही माणसं चांगली आहेत.

माझ्या खटक्यावरचा अंगठा गेझा बोदनारचा होता. दिवसा तो काचेच्या कारखान्यात बाटल्यांची तपासणी करी. पट्ट्यावरून सरकणाऱ्या हजार बाटल्यांतून तडा गेलेली एक तो न चुकता उचलून बाजूला ठेवी. सामना असेल त्या दिवशी निळा टाय लावून तो माझ्याशेजारी येऊन बसे. नदीपलीकडच्या हंगेरियन वस्तीत त्याचं घर होतं. बायको एर्झी आणि मुलगी इल्का, एवढाच संसार.

गेझाला खेळाचं वेड नव्हतं, नियमाचं होतं. बाहेरून आत फेकलेला चेंडू मैदानातल्या खेळाडूला लागला की घड्याळ सुरू करायचं. पकडला की नव्हे, लागला की. इल्का लहान असताना तो तिला माझ्याजवळ बसवून शिकवी.

"चेंडूकडे बघू नकोस," तो म्हणे.

"मग कुठे बघू, अपा?"

"बोटांकडे. चेंडू सगळेच बघतात. त्यासाठी आपल्याला इथे बसवलेलं नाही."

दुसरा एक नियम त्याचा स्वतःचा होता. मैदानाकडेच्या टेबलावर घड्याळ सांभाळणाऱ्या माणसाने निर्णयाबद्दल मैदानाबाहेर बोलायचं नाही. जिंकल्यावर नाही, हरल्यावर नाही. या नियमाने पुढे त्याचा घात केला.

एकोणऐंशी सालचा मे महिना. अंतिम मालिका, सातवा सामना, रविवारची दुपार. संघ स्थापन झाल्यापासून आम्ही इतक्या जवळ कधी आलो नव्हतो. दोन सेकंद उरले होते आणि आम्ही एका गुणाने मागे होतो. चेंडू आमचा. तो जाणार कुणाकडे हे भट्टीतल्या चौदा हजार माणसांना माहीत होतं. डेल हॅव्हरकॅम्प आमचा नेमबाज, इथल्याच शाळेत शिकलेला, अठ्ठावीस वर्षांचा देखणा गडी. बाया त्याचे फोटो स्वयंपाकघरात लावत.

चेंडू आत आला. डेलने हात उंचावला. चेंडू त्याच्या करंगळीला घासून वर उडाला. गेझाने खटका दाबला. डेलने उडी मारून चेंडू पकडला, वळला, आणि चेंडू हातातून सुटायच्या आधी मी वाजलो. मग चेंडू जाळीतून अलगद खाली आला. सगळी भट्टी उठून नाचू लागली. पंचांनी दोन्ही हात आडवे हलवले. बास्केट अमान्य.

डेल वळला आणि त्याने आमच्या टेबलाकडे बोट केलं. "घड्याळ आधी सुरू केलं!" तो ओरडला. "मी पकडायच्या आधीच!"

इतकंच. तो खोटं बोलला असंही म्हणता येणार नाही. त्याने पकडायच्या आधीच ते सुरू झालं होतं, आणि नियमाप्रमाणे व्हायलाच हवं होतं. दूरचित्रवाणीचा कॅमेरा पलीकडच्या बाजूला होता. चित्रात बचाव करणाऱ्याचा दंड आडवा आलेला. करंगळी कुणालाच दिसली नाही. ती तीन जणांना माहीत होती: डेलला, गेझाला आणि मला.

संघाने मला तपासायला पाठवलं. दोघा जाणकारांनी माझे स्क्रू काढले, तारा मोजल्या, दोनशे वेळा मला वाजवलं आणि 'दोष नाही' असं लिहून दिलं. तो कागद एका खणात गेला. लोकांना शांत करायला संघाने नवं घड्याळ आणलं आणि नवा माणूस आणला. मला भंगारात टाकायचं ठरलं. गेझा आपला टाय आणि डबा न्यायला आला होता. त्याने मलाही उचललं. कुणी अडवलं नाही. बसमध्ये मी त्याच्या मांडीवर होतो, आणि शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली.

त्याने मला तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी ठेवलं. दोन दिवसांनी तिथे डेल आला. मागच्या दाराने, डोळ्यांपर्यंत टोपी ओढून.

"गेझाभाऊ, लागला होता," तो म्हणाला. "करंगळीला. मला जाणवलं तेव्हाच."

"मला दिसलं," गेझा म्हणाला.

"मी रागात बोलून गेलो हो. आता सगळं शहर तेच बोलतंय. मी काय करू?"

"जे झालं ते सांग."

"सांगतो. सोमवारी वार्ताहर येणारेत माझ्याकडे. सोमवारी सांगतो, आईशप्पथ." मग टोपी आणखी खाली ओढून, "तोवर तुम्ही काही बोलू नका. तुमच्या तोंडून आलं तर मी पळपुटा दिसेन. माझ्या तोंडून येऊ दे."

"मी तसाही बोलत नाही," गेझा म्हणाला.

वरच्या पायरीवर चौदा वर्षांची इल्का अनवाणी उभी होती. तिने सगळं ऐकलं.

सोमवारी संध्याकाळी सहाच्या बातम्यांना गेझा टाय लावून बसला. डेल पडद्यावर आला. त्याचा आवाज भरून आलेला. "त्या घड्याळवाल्याबद्दल माझ्या मनात राग नाही," तो म्हणाला. "माणसाच्या हातून चूक होते. मी त्याला माफ केलंय."

माफ केलंय! मित्रांनो, माझ्या तारा जोडलेल्या असत्या तर मी त्या क्षणी अख्खी वस्ती हादरवली असती.

"अपा, तो खोटं बोलतोय," इल्का म्हणाली. "मी ऐकलंय. मी सांगते सगळ्यांना."

"तू घड्याळवाल्याची मुलगी. तुझं कोण ऐकणार? शब्द त्याने दिलाय, तो त्यालाच पाळू दे. पुढच्या सोमवारी सांगेल."

हे आणि त्यानंतर काय झालं ते मी तळघराच्या खिडकीतून आणि छतातल्या झडपेतून ऐकलं. आमच्या गल्लीतून जाताना गाड्या हॉर्न वाजवत, तीनदा. मे महिन्यात त्या तारखेला तर रांगच लागे. कारखान्यात गेझाच्या डब्यात कुणीतरी मोडकं घड्याळ घालून ठेवलं. पाववाली मार्गित, जिच्याकडून बोदनारांच्या तीन पिढ्यांनी पाव घेतला होता, गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "गेझा, तुझा पाव दोन सेकंदांत देते हं. की आधीच हात पुढे करतोस?" दुकान हसलं. गेझाने पैसे दिले, टोपी सरळ केली आणि घरी आला. एर्झीने त्या दिवसापासून पाव घरी भाजायला सुरुवात केली. शाळेत इल्का वर्गात शिरली की मागच्या बाकावरून 'टिक टिक' सुरू होई. तिने एका मुलाचं नाक फोडलं. मला ते ऐकून बरं वाटलं. तिच्या बापाला वाटलं नाही.

डेलचं मात्र त्या एका फटक्यावर उत्तम चाललं. लुटला गेलेला वीर म्हणून शहराने त्याला डोक्यावर घेतलं. खेळणं संपल्यावर त्याने गाड्यांची विक्री सुरू केली. दूरचित्रवाणीच्या जाहिरातीत तो मनगटावरचं घड्याळ दाखवून म्हणे, "आमच्याकडे घड्याळ पुढे पळत नाही!" रेडिओवर तेच वाक्य रोज सात वेळा. संघ पुढे दक्षिणेतल्या एका उबदार शहरात निघून गेला, तरी जाहिरात चालूच राहिली.

आणि दर सोमवारी संध्याकाळी सहा वाजता माझ्या डोक्यावर खुर्ची ओढल्याचा आवाज येई. एर्झी वारली, इल्का लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली आणि लग्न मोडल्यावर परत आली, तरी तो आवाज चुकला नाही. जवळजवळ तीस वर्षं. माणसं म्हणतात, वाट बघण्यात आशा असते. मी खाली बसून मोजत होतो. ती आशा नव्हती, ती उसनवारी होती, आणि घेणारा रोज रेडिओवर हसत होता.

या वर्षी फेब्रुवारीत तो आवाज थांबला. गेझा शहात्तर वर्षांचा होता. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्यातल्या तीन त्या दोन सेकंदांबद्दल होत्या.

दफनाहून आल्यावर इल्का तळघरात आली. ती रडली नाही. तिने बापाचे सदरे धुवायला यंत्रात घातले, यंत्र चालू केलं, आणि ते थांबेपर्यंत माझ्याशेजारी पायरीवर बसून राहिली. मग मला फडक्याने पुसलं.

एप्रिलमध्ये लेस्टर ट्विगचा फोन आला. लेस्टर म्हणजे भट्टीचा जुना निवेदक, आता ऐंशीच्या घरातला. तिने फोन तळघरातच घेतला. म्हातारा इतक्या मोठ्याने बोलत होता की मलाही स्पष्ट ऐकू आलं.

"इल्का बाळा, भट्टी पाडतायत. जूनमध्ये शेवटचा कार्यक्रम आहे. डेल तो फटका पुन्हा मारणार. तीच जागा, तेवढेच दोन सेकंद. या वेळी बास्केट मान्य! म्हातारेकोतारे रडतील गं आनंदाने. तुमच्याकडे ते जुनं घड्याळ आहे ना? भोंग्यासकट?"

"आहे."

"देशील?"

"देईन. पण चालवेन मी."

लेस्टर घुटमळला. "तू? अगं, म्हणजे छानच की. बोदनारांकडून झालेलं बोदनारांनीच मिटवायचं. लोकांना आवडेल. फक्त त्याने नीट पकडेपर्यंत थांब म्हणजे झालं. नाटकच आहे ते."

"मी नियमाने चालवेन, लेस्टरकाका."

"हो हो, नियमाने," तो हसला.

पुढचे दोन महिने ती रोज संध्याकाळी खाली येई. भिंतीवर चेंडू मारी आणि परत येणारा चेंडू एका हाताच्या बोटांना लागताच दुसऱ्या हाताने खटका दाबी. सुरुवातीला उशीर होई. मेअखेरीस तिचा अंगठा गेझाच्या अंगठ्याइतका पक्का झाला. मी तिला सांगू शकलो असतो तर म्हणालो असतो, पोरी, चुकीच्या वेळी दाबलंस तरी माझी हरकत नाही. मला फक्त त्याची फजिती हवी आहे. पण तिला तसं नको होतं. तिला स्वतःच्या मनात खोट ठेवायची नव्हती. त्याने चेंडू स्वच्छ पकडला आणि वेळेत मारला, तर बास्केट त्याची आणि शहराचं म्हणणं खरं, असंच जणू तिने ठरवलं होतं. म्हणून कार्यक्रमाच्या दुपारी निघताना तिने माझा खटका पुन्हा दोनदा दाबून पाहिला. बापाचं नाव एका जाड्या म्हाताऱ्याच्या बोटांवर टांगलेलं होतं.

भट्टी अर्धीअधिक भरली होती. सॉसेज आणि कांद्याचा तोच वास. डेल आला. अठ्ठावन्न वर्षांचा, पोट सुटलेलं, पण जुना सदरा ओढूनताणून घातलेला. कॉलरला छोटा माइक लावला होता, त्याचे विनोद वरपर्यंत ऐकू जावेत म्हणून. तो हात हलवत आमच्या टेबलासमोरून गेला आणि माझ्यावर टिचकी मारून म्हणाला, "काय रे चोरा, अजून जिवंत?" लोक खो खो हसले.

जुना एक सोबती चेंडू घेऊन रेषेबाहेर उभा राहिला. लेस्टर कर्ण्यातून गरजला, "दोन सेकंद! एक गुण मागे!"

चेंडू आत आला. डेलने हात उंचावला. त्याची सवय तीच होती, चेंडूवर पूर्ण पंजा न्यायच्या आधी करंगळी पुढे. चेंडू घासून वर उडाला. इल्काने खटका दाबला. त्याने चेंडू पकडला, वळला, आणि मी वाजलो. मग चेंडू सुटला आणि जाळीत गेला.

हशा पिकला. "पुन्हा!" डेल हसत म्हणाला. "म्हातारपण आलंय, पुन्हा घेऊ."

पुन्हा तेच झालं. करंगळी, खटका, मी. या वेळी हशा थोडा कमी झाला.

लेस्टर काठी टेकत टेबलापाशी आला. "अगं, पकडेपर्यंत थांब ना," तो कुजबुजला.

"नियम बदललाय का, काका?"

तिसऱ्यांदाही मी वाजलो. मागच्या रांगांतून कुणी तरी शीळ घातली. कुणी ओरडलं, "डेल, गाडीच विक बाबा तू!" आता डेल हसत नव्हता. तो थेट टेबलाशी आला. तोंड लाल झालेलं. माइक तसाच चालू होता.

"तू बोदनारची पोरगी ना?"

"हो."

"घड्याळ कधी सुरू केलंस?"

"चेंडू लागला तेव्हा."

"लागला? करंगळीला घासला नुसता! त्याला लागणं म्हणतात?"

"नियम म्हणतो."

"नियम! तुझा बापही असलाच. करंगळीला जरा घासला काय, दाबला खटका! मला पकडूसुद्धा दिला नाही! दोन सेकंद होते, दोन, आणि त्या माणसाने..."

तो थांबला, कारण त्याचाच आवाज छतावरून त्याच्या अंगावर परत आला. 'करंगळीला जरा घासला.' भट्टीच्या प्रत्येक कोपऱ्यात ते वाक्य जाऊन पोहोचलं होतं. त्याने हात कॉलरवर नेला आणि माइक मुठीत दाबला. फार उशीर झाला होता.

पहिल्या रांगेतून एका बाईचा आवाज आला, "म्हणजे तेव्हाही लागला होता?"

डेलने इल्काकडे पाहिलं. तिने तबकडी परत दोनवर आणली आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "चौथ्यांदा घ्यायचं?"

तो वळला आणि खेळाडूंच्या बोगद्यातून निघून गेला. मित्रांनो, त्या पाठीकडे बघत मी जे अनुभवलं त्याला चांगलं नाव नाही, आणि मला त्याची लाज नाही.

मग लोक टेबलाशी येऊ लागले. मी त्यातले कितीतरी ओळखले. हे हॉर्न वाजवणारे हात होते. एकाने टोपी काढली. एकाने इल्काच्या खांद्यावर हात ठेवला. म्हातारी मार्गित मुलाच्या आधाराने पुढे आली, तिचे डोळे भरले होते. "गेझा फार सरळ माणूस होता गं," ती म्हणाली. "आम्ही चुकलो त्याच्या बाबतीत."

इल्काने माझी वायर काढून नीट गुंडाळली.

"हे त्यांना सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "फेब्रुवारीपर्यंत वेळ होता."

तिने मला उचललं आणि गर्दीतून वाट काढत बाहेर नेलं. वाट लगेच मिळाली.

आता मी तळघरात नाही. तिने मला समोरच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीत ठेवलं आहे. आमच्यासारख्या वस्तू शेवटी विनंती करतात, की आम्हाला पुसा, तेल द्या, फेकू नका. मला पुसलं नाही तरी चालेल. तुमचा संघ हरेल तेव्हा खुशाल रडा. पण मैदानातल्या सगळ्यांत लहान खुर्चीवर बसलेला माणूस शोधून त्याच्यावर हार लादू नका. आणि लादलीत, तर तो जिवंत आहे तोवर त्याच्या दारी जा. नंतर माझ्या खिडकीसमोर टोपी काढून काही होणार नाही. मी मवाळ नाही, मी विसरत नाही, आणि दोघा जाणकारांनी लिहून दिलंय की माझ्यात काही दोष नाही.